जवळची सेवा, लांबची सेवा : साने गुरुजी



आजचं वाचन : गीता, अध्याय १२, श्लोक १३ आणि १४.

काल आपण कर्मफलत्यागाच्या श्लोकापाशी थांबलो होतो. आजपासून भगवंत भक्ताची लक्षणं सांगायला घेतात. कुणाचाही द्वेष नाही, सगळ्यांशी मैत्री, मनात करुणा, मी-माझं सुटलेलं, सुख आलं काय नि दुःख आलं काय तोल तोच, समोरच्याला क्षमा करण्याची तयारी, आहे त्यात समाधान, आणि मन-बुद्धी देवाला वाहिलेली. असा माणूस मला आवडतो, असं भगवंत म्हणतात.

ही यादी सावकाश वाचली की एक गोष्ट लक्षात येते. किती माळा जप केला, किती पारायणं झाली, यातलं काही इथे नाही. बहुतेक लक्षणं तुम्ही दुसऱ्या माणसाशी कसे वागता याबद्दलची आहेत. ज्यांच्या घरी कुणी वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलंय, त्यांनी हे श्लोक जरूर वाचावेत. कारण या मंडळींची एक टोचणी ठरलेली असते : सगळा वेळ आजाऱ्याचं करण्यात जातो, देवाचं काही होत नाही.

मीही त्यातलाच. बाबांना अर्धांगवायू झाला त्याला आता पाचवं वर्ष चालू आहे. मी नोकरी सांभाळून हर्णेला घरीच असतो. लॅपटॉपवर मीटिंग आणि मध्येच उठून बाबांची कूस बदलणं, असा दिवस जातो. म्हणून आजच्या श्लोकांसाठी मी आमच्याच तालुक्यातल्या एका माणसाचं चरित्र घेतलंय. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, दापोली तालुक्यातल्या पालगडचा. आमच्या हर्णेहून दापोली पंधरा-सोळा किलोमीटर, आणि तिथून पुढे आत डोंगरात पालगड. घराणं खोतांचं. एकेकाळी बरं चाललेलं, पण वडील सदाशिवरावांच्या काळात कर्ज वाढत गेलं, जमीनजुमला गेला आणि घरात ओढाताण सुरू झाली. आई यशोदाबाई. तिने मुलाला काय काय शिकवलं ते 'श्यामची आई' वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आंघोळ झाल्यावर पायाला माती लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या पोराला ती आपला पदर पसरून देते आणि मग हळूच सांगते, की पायाला जपतोस तसंच मनालाही जप. ही गोष्ट लहानपणी ऐकली तेव्हा मला पदर दिसला होता. आता वाचताना दिसतं की दिवसभर राबलेल्या त्या बाईने वैतागायचं सोडून पोराचा हट्ट पुरवला, आणि त्यातच त्याला काही देऊनही टाकलं. रोज सेवा करणाऱ्याला हे किती अवघड असतं, ते अनुभवानेच कळतं.

पालगडची शाळा झाल्यावर मुलगा दापोलीच्या मिशन हायस्कूलमध्ये आला. सुट्टी मिळाली की दापोलीहून पालगडला चालत जायचा. पुढे पैशांची अडचण वाढली तेव्हा गरीब विद्यार्थ्यांची सोय होते म्हणून औंध संस्थानात गेला. तिथे प्लेग आला. मग पुण्याला नूतन मराठी विद्यालयात. म्हणजे शिक्षणासाठी हा मुलगा घरापासून लांब लांबच जात राहिला. आज कोकणातली मुलं इंजिनिअरिंगला जातात, मग पुण्या-मुंबईत नोकरी, मग परदेश. वाट तीच आहे, फक्त अंतर वाढलंय.

तो पुण्यात असताना इकडे आईचं दुखणं लांबत गेलं. घरात पैसा नाही, धाकटा पुरुषोत्तम अगदी लहान. अशा वेळी आईची बहीण येऊन राहिली. पुस्तकातली सखूमावशी ती हीच. तिने बहिणीचं अंथरूण-पांघरूण, औषधपाणी, स्वयंपाक, सगळं अंगावर घेतलं. शेजारच्या बायका येऊन बसायच्या, हातभार लावायच्या. पुण्यातल्या मुलाला मात्र फारसं कळवलं गेलं नव्हतं, कारण त्याच्या अभ्यासात खंड पडू नये अशी आईचीच इच्छा होती. नोव्हेंबर १९१७ मध्ये आई गेली. मुलगा घरी पोहोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याला अठरावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं.

आपण सगळे साने गुरुजींना आईवेडा मुलगा म्हणून ओळखतो. पण आईच्या शेवटच्या आजारपणात तिचं करायची संधी या मुलाला मिळाली नाही. ती सेवा केली सखूमावशीने. 'श्यामची आई' वाचताना आपण श्यामबरोबर रडतो आणि मावशीकडे लक्ष जात नाही. माझंही पहिल्या दोन-तीन वाचनांत गेलं नव्हतं. घरी बाबांचं सुरू झाल्यावर ते प्रकरण पुन्हा काढून वाचलं. आजारी माणसाच्या घरात एक माणूस असा लागतोच, जो काही न बोलता पुढे होतो. आणि त्याच्या मागे उभं राहायला शेजारपाजार लागतो. त्या गरीब घरात हे दोन्ही होतं.

पुढचं आयुष्य बघा. बी. ए., एम. ए. झाल्यावर गुरुजी खानदेशात अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिरात आले. १९२४ मध्ये तिथल्याच शाळेत, पुढे जी प्रताप हायस्कूल झाली तिथे, शिक्षक म्हणून लागले आणि त्यांच्याकडे वसतिगृहाची जबाबदारी आली. खेड्यापाड्यांतून आलेली, घर सोडून राहणारी मुलं. गुरुजी त्यांचे कपडे धुऊन घड्या घालायचे, अंथरुणं नीट करायचे, खोल्या झाडायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे. मुलगा आजारी पडला की रात्र त्याच्या उशाशी. ज्याची फी थकलीय त्याची फी स्वतःच्या पगारातून जायची. मुलांसाठी ते रोज हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढत. रोज, हाताने! आपल्याला हे ब्लॉगवर रोज चार परिच्छेद टाकताना नाकी नऊ येतात.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही सगळी कामं आपल्याकडे बायकांची समजली जातात. घरातला पुरुष डॉक्टरांशी बोलतो, बिल भरतो, गाडी काढतो. बेडपॅन, आंघोळ, भरवणं हे आईने, बायकोने, सुनेने करायचं. शंभर वर्षांपूर्वी एक एम. ए. झालेला, शाळेत मान असलेला पुरुष ही कामं स्वतःहून करत होता आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नव्हता. श्लोकातलं मी-माझं सुटणं म्हणजे काय, हे मला गुरुजींच्या त्या धुतलेल्या कपड्यांमुळे कळतं. बाबांना पहिल्यांदा आंघोळ घातली तेव्हा आम्हा दोघांनाही अवघडल्यासारखं झालं होतं. आता त्यात काही वाटत नाही. पाणी जरा कोमट असलं की बाबा डोळे मिटून घेतात, एवढंच बघायचं.

१९३० मध्ये गुरुजींनी शाळा सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. धुळ्याचा तुरुंग झाला, तिरुचिरापल्लीचा झाला. तिथे सोबतच्या कैद्यांकडून ते त्यांच्या भाषा शिकले. मग १९३२ मध्ये पुन्हा धुळ्याचा तुरुंग, आणि तिथे विनोबा. त्या वर्षी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी अठरा अध्यायांवरची अठरा प्रवचनं विनोबांनी कैद्यांसमोर दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. आज 'गीता प्रवचने' म्हणून आपण जे पुस्तक उघडतो, ज्याचे इतक्या भाषांत अनुवाद झालेत, ते आपल्यापर्यंत पोहोचलं ते गुरुजींच्या लेखणीतून.

आपल्या आजच्या बाराव्या अध्यायाचं प्रवचन ८ मे १९३२ चं आहे. अर्जुनाचा प्रश्न आहे, की सगुणाची भक्ती करणारा श्रेष्ठ की निर्गुणाची? विनोबा सांगतात की हा प्रश्न म्हणजे आईला तिच्या दोन मुलांबद्दल विचारण्यासारखा आहे. एक मुलगा आईला चिकटून असणारा, तिच्याशिवाय क्षणभर न राहणारा. दुसरा मोठा, कर्तव्यासाठी लांब जाऊ शकणारा. आईने कुणाला जास्त आवडता म्हणावं? पुढे ते लक्ष्मण आणि भरत यांचं उदाहरण घेतात. लक्ष्मण रामाबरोबर वनात गेला, रात्रंदिवस जवळ राहून सेवा केली. भरत अयोध्येत राहिला, रामापासून लांब, पण रामाचंच काम करत. दोघांची भक्ती एकमेकींना पूरक आहे, कुठलीच कमी नाही, असा विनोबांचा रोख आहे.

हे ऐकत, झरझर लिहून घेत बसलेला माणूस कोण होता? आईपासून लांब राहिलेला, तिच्या शेवटच्या क्षणी न पोहोचलेला मुलगा. त्या रविवारी गुरुजींच्या मनात काय आलं असेल ते मला सांगता येणार नाही. पण तारखा पाहिल्या की थक्क व्हायला होतं. या प्रवचनानंतर वर्षही झालं नव्हतं आणि नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ ला त्यांनी आईच्या आठवणी लिहायला घेतल्या आणि १३ तारखेला बहुतेक पुस्तक लिहून झालं होतं. पाच दिवस! आईला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं उलटली होती. जी सेवा जवळ बसून करता आली नव्हती, ती त्यांनी अशी केली. भरताची सेवा म्हणतात ती हीच, असं मला वाटतं.

आजारी माणूस असलेल्या प्रत्येक घरात हे दोघे असतात. एक लक्ष्मण आणि एक भरत. एक भाऊ घरी राहून औषधं देतो, दुसरा बंगळुरूहून किंवा बोस्टनहून पैसे पाठवतो. आणि बहुतेक घरांत या दोघांत धुसफूस असते. जवळच्याला वाटतं, हा पैसे टाकून मोकळा झाला. लांबच्याला वाटतं, मी इतकं करतो तरी मला धरत नाहीत. आमच्याकडेही माझी बहीण परदेशात असते. आम्ही एक ठरवलंय. बाबांचे रिपोर्ट, विम्याचे कागद, औषधांची ऑनलाइन ऑर्डर, डॉक्टरांची वेळ घेणं, हे सगळं ती बघते. आणि भारतातल्या रात्री साडेआठला ती बाबांना व्हिडिओ कॉलवर हरिपाठ म्हणून दाखवते. तेवढा अर्धा तास आई आणि मी बंदराकडे चक्कर मारतो. लिलावाची गर्दी ओसरलेली असते, समोर सुवर्णदुर्ग काळोखात नुसता आकार म्हणून दिसतो. परत येईपर्यंत बाबा बऱ्याचदा झोपलेले असतात. भरताला काम दिलं की तो सेवा करतो. काम द्यायचंच नाही आणि मग तो काही करत नाही म्हणायचं, याला अर्थ नाही.

आता पंढरपूर. स्वातंत्र्याच्या तोंडावर गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला. विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं ही मागणी होती. १ मे १९४७ ला त्यांनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं, ते १० मे पर्यंत चाललं. शेवटी मंदिराची दारं उघडायचं मान्य झालं. ज्याचं स्वतःचं नाव पांडुरंग, त्याने पांडुरंगाच्या दारात सगळ्या लेकरांसाठी हट्ट धरला.

पंढरपूरची मूळ कथाच सेवेची आहे, हे विसरू नका. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता, देव दारात आला. पुंडलिकाने देवाला वीट दिली आणि थांबायला सांगितलं. देव रागावला नाही. थांबला. आपण म्हणतो की आजारी माणसाचं करताना देवाला वेळ देता येत नाही. वारकऱ्यांचा देव तर एका सेवा करणाऱ्या मुलाचं काम संपायची वाट बघत उभा आहे. पारायण अर्धवट राहिलं म्हणून ज्यांना वाईट वाटतं, त्यांनी विटेवरचे ते पाय आठवावेत. धीर हा शब्द आपण फक्त आपल्याकडून अपेक्षित आहे असं समजतो. इथे देवानेच आधी धीर धरलाय.

१५ ऑगस्ट १९४८ ला गुरुजींनी 'साधना' साप्ताहिक सुरू केलं. भारतातल्या भाषा एकमेकींना भेटाव्यात म्हणून आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं. आणि ११ जून १९५० ला, वयाच्या पन्नाशीत, त्यांनी स्वतःच आपलं जीवन संपवलं.

भक्तिपर लिखाणात हा भाग बहुतेक वेळा गाळतात किंवा एखादा गोड शब्द वापरून पुढे जातात. मला तसं करावंसं वाटत नाही. कारणांची चर्चाही मी करणार नाही, बाहेरून कुणाच्या मनाचा हिशेब मांडू नये. त्यांच्या जाण्यात काही थोर होतं असंही म्हणणार नाही. पण सेवा करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट नक्की घ्यावी. ज्याच्या उशाला इतक्या जणांनी रात्री काढलेल्या पाहिल्या, ज्याला लाखो माणसं मानत होती, त्याचं मनसुद्धा इतकं थकू शकतं. भक्ती कमी पडली म्हणून माणूस थकतो, हे खरं नाही. थकवा हा थकवाच असतो. त्याला विश्रांती लागते, माणसं लागतात आणि कधी औषधही लागतं.

आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ऑन-कॉलची पाळी असते. एकच माणूस बारा महिने चोवीस तास ऑन-कॉल ठेवला तर सिस्टिम कधीतरी झोपणार, हे शिकाऊ मुलालाही कळतं. म्हणून रोस्टर करतात, बॅकअप ठेवतात. घरात मात्र आपण एकाच माणसावर सगळं टाकतो आणि त्याला त्याग म्हणतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अगदी साध्या शब्दांत सांगून ठेवलंय, की अति खाणाऱ्याला आणि उपाशी राहणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला आणि जागरणं करणाऱ्याला योग साधत नाही. आहार, विहार, झोप, काम सगळं मापात. सेवेलाही हे लागू आहे.

आमच्या घरचं रोस्टर सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बघा. रात्री बाबांची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. दोन वाजेपर्यंत मी, त्यानंतर आई. आठवड्यातून दोन रात्री पगारी मावशी येतात, तेव्हा आम्ही दोघंही झोपतो. शेजारचे काका दर रविवारी सकाळी बाबांची दाढी करायला येतात. त्यांनी स्वतःच विचारलं होतं, आम्ही हो म्हणालो. हे हो म्हणणं सुरुवातीला आईला जड गेलं होतं. लोकांना कशाला त्रास, हा आपला ठरलेला विचार. मग मी तिला सखूमावशी आणि त्या शेजारच्या बायका वाचून दाखवल्या. आई म्हणाली काही नाही, पण पुढच्या रविवारी काकांसाठी घावणे करून ठेवले.

ज्यांना खूप दिवस झोप नाही, सारखं रडू येतंय, ज्याचं करतोय त्याचाच राग येतोय, किंवा आपण नसलेलंच बरं असे विचार मनात येताहेत, त्यांनी हे वाचून पुढे सरकू नका. आजच घरातल्या किंवा ओळखीतल्या एका माणसाला सांगा, डॉक्टरांना सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. श्लोकात क्षमा हे भक्ताचं लक्षण सांगितलंय. त्या क्षमेत स्वतःलाही धरा.

आणि ज्यांच्या घरी असं कुणी नाही, पण शेजारी किंवा नात्यात आहे, त्यांच्यासाठी आजचा श्लोक मैत्री आणि करुणा या दोन शब्दांत आहे. काही लागलं तर सांगा, असं म्हणून निघून येऊ नका. कुणी सांगत नाही. शनिवारी दुपारी तीन तास मी बसतो, तुम्ही झोपा, असं दिवस-वेळ ठरवून सांगा.

आजची साधना :

१. दोन्ही श्लोक सावकाश तीनदा वाचा. एकच लक्षण निवडा आणि आज ज्याची सेवा करताय त्याच्यापुरतं ते पाळून बघा.

२. जपाला बसायला वेळ नसेल तर कूस बदलताना, भरवताना, औषध मोजताना नाम घ्या. वेगळं आसन लागत नाही.

३. तुमच्या घरातल्या लक्ष्मणाला आज विचारा, शेवटची पूर्ण रात्र कधी झोपलास? आणि भरताला एक काम द्या.

कधी दापोलीकडे आलात तर पालगडला जाऊन या. गुरुजींचं घर तिथे स्मारक म्हणून जपलंय. हर्णे, मुरूड, आंजर्ल्याला समुद्र बघायला येणाऱ्या गाड्या रोज आमच्या दारावरून जातात, त्यातल्या फार थोड्या पालगडकडे वळतात.

उद्या श्लोक १५ : ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही आणि लोकांचा ज्याला त्रास होत नाही, अशा भक्ताबद्दल.

राम कृष्ण हरी.